चेहरा उसना मिळतो, जोखीम मिळत नाही

सिनेमाच्या धंद्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, पण शूटिंग मी एकदाही पाहिलेलं नाही. मी होतो वितरकाचा रिप्रेझेंटेटिव्ह. ऑफिसातून फिल्मच्या पेट्या घ्यायच्या, एसटीच्या टपावर चढवायच्या, धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा, जिथं चित्रपट लागला असेल तिथं उतरायचं आणि तो निघेपर्यंत तिकीटखिडकीशेजारी मुक्काम ठोकायचा. किती तिकिटं फाटली, पुढची किती, बाल्कनीची किती, हे रोज रात्री एका छापील कागदावर लिहायचं. त्या कागदाला धंद्यात डीसीआर म्हणतात. खाली टॉकीजच्या मॅनेजरची सही, शेजारी माझी. सकाळच्या टपालानं कागद वितरकाकडं रवाना. त्या कागदावरच्या आकड्यांनी मुंबई-कोल्हापुरातल्या कुठल्यातरी निर्मात्याचं घर तरायचं किंवा बुडायचं.

म्हणून नटांबद्दल गप्पा निघाल्या की माझं बोलणं जरा वेगळ्या वळणानं जातं. २०२४ मध्ये रितेश देशमुखच्या ‘राजा शिवाजी’ची घोषणा झाली तेव्हापासून आमच्या पारावर हा विषय वरचेवर निघतो. हिंदीत बरं चाललंय, मानधन मिळतंय, मग निर्माता होऊन डोक्याला ताप कशाला, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, त्याला काय कमी आहे, मुख्यमंत्र्यांचा मुलगा! दोघांचंही बोलणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी खिडकीवर शिकलो.

निर्माता म्हणजे नेमका कोण?

चित्रपट सुरू होताना पहिलं नाव निर्मितीसंस्थेचं येतं, पण प्रेक्षक तेव्हा जागा शोधत असतो. निर्माता म्हणजे पैसा लावणारा शेठ एवढंच आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात कथेचे हक्क घेण्यापासून त्याचं काम सुरू होतं. दिग्दर्शक ठरवायचा, बजेट बांधायचं, नटांच्या तारखा जुळवायच्या, सेटवर दोनशे माणसांचं जेवण वेळेवर पोचतंय का ते बघायचं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळवायचं, वितरकाशी करार करायचा, पोस्टरं छापायची. फिल्मच्या काळात निगेटिव्ह ज्याच्या नावावर तो मालक. आता निगेटिव्ह राहिली नाही, हक्क राहिले.

पैसा परत येण्याचा क्रम मात्र उलटा. खिडकीवर शंभर रुपये जमले की आधी सरकारचा कर निघायचा. तेव्हा करमणूक कर होता, जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. मग टॉकीजवाल्याचा वाटा. उरल्यातून वितरकाचं कमिशन आणि प्रिंट-जाहिरातीचा खर्च. त्यानंतर काही शिल्लक राहिलं तर ते निर्मात्याचं. सगळ्यांच्या आधी पैसा घालणारा हा माणूस ताटावर सगळ्यांच्या शेवटी बसतो.

आमच्याकडं पाडव्याला सालगडी ठरतो. पाऊस पडो न पडो, त्याचं साल त्याला मिळतं. बी-बियाणं, खत, सावकाराचं व्याज आणि दुष्काळ हे सगळं मालकाच्या वाट्याला. नट कोटीचा असला तरी हिशेबानं तो सालगडी. चित्रपट पडला तरी त्याचं मानधन त्याच्या घरी गेलेलं असतं. निर्माता झाला की तो बांधावरून रानात उतरतो, आणि मग आभाळाकडं बघायची पाळी त्याच्यावर येते.

आमच्या जिल्ह्याचं या धंद्यातलं स्थानही सांगायला हवं. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण हिंदी सिनेमाचे हक्क विकणाऱ्यांच्या नकाशात मराठवाडा ‘निजाम’ सर्किटातच राहिला. बार्शी-सोलापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण ती ‘मुंबई’ सर्किटात. एकाच चित्रपटाची येडशीच्या अलीकडं एका वितरकाची मालकी आणि पलीकडं दुसऱ्याची. मराठी चित्रपटाच्या प्रिंट मुळात मोजक्या निघायच्या. त्या पुणे-मुंबई-कोल्हापुरात झिजून, रेघा ओढलेल्या अवस्थेत आमच्यापर्यंत यायच्या. सव्वादोन तासांचा चित्रपट म्हणजे बारा हजार फुटांच्या वर फिल्म, डब्यात भरलेली. एक डबा मागच्या गावात राहिला की मध्यंतरानंतरची गोष्टच गायब, आणि शिव्या रिप्रेझेंटेटिव्हला.

दादांचा जमाना

नटानं निर्माता होणं आपल्याकडं नवं नाही. मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर हे दोघे नट. त्यांनी कॅमेरामन पांडुरंग नाईक यांना बरोबर घेऊन १९३६ मध्ये कोल्हापुरात हंस पिक्चर्स काढली आणि दोन वर्षांत अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आणला. ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामती दुर्गाबाई खोटे यांनी त्याच दशकात निर्मितीत पाऊल टाकलं. चांगल्या घरच्या बाईनं पडद्यावर येणंच जिथं धक्कादायक होतं तिथं त्या मालक झाल्या. पुढच्या काळात स्मिता तळवलकरांनी अभिनयाकडून निर्मितीकडं वळून ‘कळत नकळत’, ‘चौकट राजा’ काढले. लहानपणी पडद्यावर आलेल्या महेश कोठारेंनी १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ केला तो निर्माता, दिग्दर्शक आणि नट अशा तिन्ही खुर्च्यांवर बसून.

पण फिरत्या टॉकीजच्या तंबूतल्या लोकांचे खरे मालक म्हणजे दादा कोंडके. ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यानं नाव झालं, भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त १९६९ मध्ये पडद्यावर आले आणि दोनच वर्षांत स्वतःची संस्था काढून ‘सोंगाड्या’ केला. मुंबईत दादरच्या कोहिनूर टॉकीजनं ‘सोंगाड्या’ लावायला कुरकुर केली, शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि चित्रपट लागला, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. निर्मात्याच्या नजरेनं त्याचा अर्थ असा की चित्रपट तयार होणं वेगळं आणि त्याला खिडकी मिळणं वेगळं. पुढं दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

मी या कामाला लागलो तेव्हा ‘पांडू हवालदार’ फिरत होता. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. चुन्याचे खडे वेचायला लाखांनी लोक येतात. यात्रेच्या अंगाला फिरत्या टॉकीजचे तंबू. फिरत्या टॉकीजवाल्याशी टक्केवारीचा करार नसायचा. त्यानं यात्रेच्या दिवसांची ठरीव रक्कम आधी मोजायची आणि पेटी न्यायची. तरी वितरक मला पाठवायचाच, कारण दुपारी एकाच पेटीवर दोन तंबूंत खेळ लावायची अक्कल काही कमी मालकांना नव्हती. पहिला डबा इकडं संपला की पोऱ्या सायकलवरून तो शेजारच्या तंबूत पळवायचा. तंबूत बाप्ये एकीकडं, बाया एकीकडं, मध्ये दोरी. मशीन ट्रकच्या हौद्यात, कार्बनच्या कांड्या जळून उजेड पडायचा आणि ऑपरेटर दर काही मिनिटांनी त्या पुढं सरकवायचा. त्याची तंद्री लागली की पडद्यावर दादा काळवंडायचे आणि तंबूतून जी शिवी यायची ती थेट ऑपरेटरच्या आईपर्यंत जायची.

त्या तंबूत मला दादांच्या धंद्याचं बळ कळलं. संस्था त्यांची, निगेटिव्ह त्यांची, चेहरा त्यांचा. उषा चव्हाण नायिका, ठरलेला वग, ठरलेला चावटपणा. ‘पांडू हवालदार’नं अशोक सराफांना मोठी ओळख दिली हे खरं, पण पोस्टरवर मधोमध दादाच. स्वतःच्या चेहऱ्यावर इतका भरवसा असलेला निर्माता नशीबवान. मात्र या गणिताला एक मर्यादा असते. चेहरा थकला की धंदा थकतो. दादा १९९८ मध्ये गेले, आणि त्यांच्या जागी बसेल असं त्यांच्या पेढीत कुणी नव्हतं.

लंडनचा एक नट

नटानं निर्माता होण्याचा दुसरा रस्ता मला एका इंग्रज माणसाच्या कहाणीत सापडला. रिचर्ड ॲटनबरो. आपल्याकडं तो ‘गांधी’चा दिग्दर्शक म्हणून माहीत. इंग्लंडात त्याची आधीची ओळख नटाची. १९२३ चा जन्म, ‘ब्राइटन रॉक’मधला पोरगेला गुंड म्हणून तो गाजला. १९५२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ लागलं, त्यात तो आणि त्याची बायको शीला सिम दोघंही होते. त्या नाटकाच्या नफ्यात त्यानं वाटा घेतला. ते नाटक पुढं दशकानुदशकं चालू राहिलं. वाटा केवढ्याचा झाला असेल, विचार करा.

पडद्यावर एकसुरी भूमिका मिळायला लागल्या तेव्हा त्यानं ब्रायन फोर्ब्ज या दुसऱ्या नटाला बरोबर घेऊन बीव्हर फिल्म्स काढली. १९६० चा ‘द अँग्री सायलेन्स’ हा त्यांचा पहिला चित्रपट, संपात सामील न झालेल्या एका कामगाराची गोष्ट. पैसे देणारे बजेट बघून मागं सरले, तेव्हा या मंडळींनी तोडगा काढला: मानधन आत्ता नको, चित्रपटानं कमावलं तर वाटा द्या. ॲटनबरो त्यात नायकही झाला. पुढच्याच वर्षी ‘व्हिसल डाउन द विंड’ काढला आणि त्यात तो निर्माता होता, नायक नव्हता.

१९६२ मध्ये लंडनमध्ये नोकरी करणारे मोतीलाल कोठारी गांधीजींवरच्या चित्रपटाची कल्पना घेऊन त्याच्याकडं आले. चित्रपट आला १९८२ मध्ये. मधली वीस वर्षं पैसे गोळा करण्यात गेली. सरतेशेवटी भारत सरकारच्या एनएफडीसीनं मोठा वाटा उचलला, आणि चित्रपट तगवण्यासाठी ॲटनबरोनं ‘माउसट्रॅप’मधला आपला उरलेला वाटा विकून टाकला. ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली. त्यांतली दोन त्याची, एक दिग्दर्शनाचं आणि एक निर्मात्याला मिळणारं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. पडद्यावर तो कुठंच नव्हता. आपली माणसं मात्र होती. कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी, गोखले झाले डॉ. श्रीराम लागू, आणि कपड्यांसाठी जॉन मोलोबरोबर ऑस्कर घेतलं ते कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

दादा आणि ॲटनबरो हे दोन रस्ते झाले. एकानं स्वतःचा चेहरा पणाला लावला. दुसऱ्यानं चेहऱ्यावर कमावलेलं, चेहरा नसलेल्या चित्रपटावर लावलं. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, दुसरा रस्ता अवघड.

जन्मानं आमच्याच जिल्ह्याचा

आता रितेशकडं येऊ. १७ डिसेंबर १९७८ ला लातूरला त्याचा जन्म. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातलाच तालुका होता. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. त्यामुळं लातूरकरांनी कितीही हक्क सांगितला तरी जन्माच्या नोंदीपुरता तो आमचा. वडील विलासराव देशमुख बाभळगावचे, सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेले. पोरगा मुंबईत वास्तुशास्त्र शिकला आणि जानेवारी २००३ मध्ये ‘तुझे मेरी कसम’मधून हिंदीत आला. जेनेलिया डिसूझाचाही तो पहिला चित्रपट. योगायोग असा की त्याच महिन्यात विलासरावांचं पहिल्या वेळचं मुख्यमंत्रिपद गेलं.

नंतर ‘मस्ती’, ‘मालामाल वीकली’, ‘धमाल’, ‘हाउसफुल’. हिंदीत तो बहुतेक वेळा तिघा-चौघांतला एक असायचा. हसवायचं काम उत्तम करायचा. पण त्याच्या एकट्याच्या नावावर खिडकी उघडेल अशी खात्री टॉकीजवाल्याला नसायची. हे मी हिणवायला म्हणत नाही. धंद्यात प्रत्येक नटाचं एक वजन ठरतं, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक असतं.

इथंच त्याची पुढची चाल मला विचार करण्यासारखी वाटते. जेनेलियाशी लग्न झालं २०१२ च्या फेब्रुवारीत. दोघांची मुंबई फिल्म कंपनी मराठीत उतरली ती ‘बालक-पालक’ घेऊन. ४ जानेवारी २०१३ ला तो आला. दिग्दर्शक रवी जाधव, ज्यांचे ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’ आधी येऊन गेले होते. निर्माते तिघं: रवी जाधव, उत्तुंग ठाकूर आणि रितेश. विलासराव १४ ऑगस्ट २०१२ ला गेले होते. मुलाची पहिली निर्मिती प्रदर्शित झालेली त्यांना बघता आली नाही.

‘बालक-पालक’ म्हणजे चाळीतल्या वयात येणाऱ्या पोरांची गोष्ट. घरात जे कुणी सांगत नाही ते ती चोरून शोधतात. अंबर हडपांच्या एकांकिकेवर बेतलेला चित्रपट. मुख्य भूमिकांत सगळी पोरं, प्रथमेश परबसारखी तेव्हा कुणाला माहीत नसलेली, आणि जोडीला किशोर कदमसारखे कसलेले नट. विषय असा की तालुक्याच्या गावात बाप मुलाला घेऊन बघायला येईल की दोघं वेगवेगळ्या खेळांना येतील, हे कुणी सांगू शकलं नसतं. माझ्या जागी बसलेल्या रिप्रेझेंटेटिव्हनं वितरकाला फोन करून सांगितलं असतं, साहेब, पोस्टरवर ओळखीचं तोंड टाका. रितेशचं तोंड ओळखीचं होतं आणि तो स्वतः निर्माता होता, तरी नायक झाला नाही. चित्रपट चालला.

दुसरा ‘यलो’, एप्रिल २०१४. दिग्दर्शक महेश लिमये, मूळचे कॅमेरामन. गोष्ट गौरी गाडगीळ या पुण्याच्या मुलीची. तिला डाउन सिंड्रोम आहे आणि तिनं पोहण्यात पदकं मिळवली आहेत. लहान वयातल्या गौरीचं काम संजना रायनं केलं, मोठी झालेली गौरी स्वतः गौरीनंच उभी केली. खऱ्या माणसाला त्याच्याच भूमिकेत उभं करायचं म्हणजे रोज सेटवर किती वेळ, किती धीर आणि किती फिल्म, नाहीतर मेमरी कार्ड, खर्ची पडत असेल! निर्मात्यासाठी सेटवरचा प्रत्येक तास म्हणजे पैसा. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘यलो’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि दोन्ही मुलींना विशेष उल्लेख मिळाला. पुरस्कारानं गल्ला भरत नाही हे मी पैजेवर सांगतो. पण निर्मात्याची पत वाढते, आणि पुढच्या चित्रपटाला पैसा उभा करताना हीच पत गहाण ठेवावी लागते.

आणि मग ११ जुलै २०१४ ला ‘लय भारी’. निर्माता म्हणून दोन चित्रपट करून झाल्यावर तो मराठीत नायक झाला. दिग्दर्शक निशिकांत कामत, संगीत अजय-अतुल, पंढरीच्या विठ्ठलाची पार्श्वभूमी, आषाढीच्या हंगामात प्रदर्शन, आणि पाहुणा म्हणून सलमान खान. नट निर्माता झाला की काय मिळतं ते इथं दिसतं. दहा वर्षं हिंदीत काढल्यावर ज्या ओळखी होतात त्यांची किंमत बाहेरच्या निर्मात्याला रोख मोजावी लागते. नट-निर्मात्याला त्या एका फोनवर मिळतात. ‘लय भारी’ त्या काळात मराठीत सर्वाधिक कमाई करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला.

तेव्हा मी काम सोडलं होतं, पण सवय जाते कुठं? मी सोलापूरला बघायला गेलो तो मुद्दाम सोमवारी. शुक्रवार ते रविवारची गर्दी चेहऱ्याला येते. सोमवारी येतो तो सिनेमाला आलेला असतो. दुपारच्या खेळाला कॉलेजची पोरं होती, धोतरातले दोघं-चौघं होते, आणि बायका-पोरांसह आलेली घरं होती. विठ्ठल पडद्यावर आला की मागं कुणीतरी मोठ्यानं नाव घ्यायचं. मराठी चित्रपटाला सोमवारी दुपारी अशी गर्दी मी फार कमी वेळा पाहिली आहे.

‘मुख्यमंत्र्यांचा मुलगा’

पारावरच्या दुसऱ्या माणसालाही उत्तर द्यायला हवं. घराण्याचा फायदा नाही असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. पहिला चित्रपट मिळताना, बँकेत बसताना, मोठ्या माणसाला फोन लावताना आडनाव पुढं चालत येतं. त्याच आडनावाची किंमतही मोजावी लागली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा बरोबर रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. टीकेची झोड उठली आणि डिसेंबरात विलासरावांना पद सोडावं लागलं. ते लोक विसरलेले नाहीत.

पण तिकीटखिडकीवर आडनाव चालत नाही. मोठमोठ्या नटांच्या आणि निर्मात्यांच्या मुलांच्या पेट्या मी शुक्रवारी आणून गुरुवारी परत नेल्या आहेत. टॉकीजच्या भिंतीवर मतं मागता येत नाहीत. आडनावावर एक चित्रपट निघेल, दुसराही निघेल. दहा वर्षांत पाच-सहा काढायचे, ते वेगवेगळ्या जातीचे काढायचे आणि तरी पेढी उभी ठेवायची, हे हिशेब कळल्याशिवाय होत नाही.

‘लय भारी’नंतर त्याला तोच मसाला दरवर्षी वाटता आला असता. पुढची निर्मिती आली ‘फास्टर फेणे’, ऑक्टोबर २०१७ मध्ये. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत असताना वाचलेला. नायक अमेय वाघ, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. २०१८ च्या डिसेंबरात ‘माउली’, त्यात पुन्हा रितेश नायक. ‘लय भारी’ची सर त्याला आली नाही. आणि ३० डिसेंबर २०२२ ला ‘वेड’. ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटावर बेतलेला. रितेश पहिल्यांदाच दिग्दर्शक, निर्माती आणि नायिका जेनेलिया, नायक तो स्वतः. निर्मिती, दिग्दर्शन, नायक, नायिका, सगळं एका घरात. आपटला असता तर सगळं एकदम आपटलं असतं. त्यानं सुमारे ७५ कोटींचा गल्ला केला आणि त्या वेळी मराठीत ‘सैराट’च्या खालोखाल त्याचं नाव घेतलं गेलं. ‘सैराट’वाले नागराज मंजुळे आमच्या परंड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या जेऊरचे, हे जाता जाता सांगितलंच पाहिजे.

हे सगळं ओळीनं मांडलं की त्याचा रस्ता दिसतो. पहिले दोन चित्रपट चेहरा बाजूला ठेवून. तिसरा चेहऱ्यावर. चौथा पुन्हा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. मग दोन स्वतःच्या. दादांचा आणि ॲटनबरोचा, दोन्ही रस्ते तो आलटून-पालटून चालला. जिथं कमवायचं तिथं स्वतः उभा राहिला, आणि नव्या पोरांना उभं करायचं तिथं मागं थांबला. ‘राजा शिवाजी’ जिओ स्टुडिओजबरोबरचा, मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांतला, दिग्दर्शक आणि महाराज दोन्ही तोच, म्हणजे पुन्हा चेहऱ्यावरचा डाव. त्याच्या मोठेपणाची मोजदाद मी करेन ती मात्र ‘बालक-पालक’ आणि ‘यलो’वर. स्वतःवर पैसा लावणं ही हौसही असू शकते. दुसऱ्याच्या अनोळखी पोरावर पैसा लावतो तो निर्माता.

आपल्या वाट्याचं काम

आता पेटी राहिली नाही. चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो आणि मुंबईत व आमच्याकडं एकाच शुक्रवारी लागतो. डीसीआर संगणकावर निघतो. फिरते तंबू जवळपास संपले. तालुक्याच्या गावांतल्या कित्येक टॉकीजची मंगल कार्यालयं झाली, काहींच्या जागी दुकानांचे गाळे उभे राहिले. आम्ही उस्मानाबादेत २०१७ मध्ये ९७ वं नाट्यसंमेलन भरवलं, २०२० मध्ये ९३ वं साहित्यसंमेलन भरवलं, दोन्हीकडं मांडव भरून माणसं आली. रसिकांची वाण नाही. पण नवा मराठी चित्रपट लागला की ‘बघू, मोबाइलवर येईलच’ असं म्हणणारेही त्याच मांडवातले.

त्यांना धंद्यातली एक गोष्ट सांगून थांबतो. पूर्वी आम्ही पेटी गावात आणली की किमान आठवडा तरी ती राहायची. आता पहिल्या तीन दिवसांचे आकडे बघून सोमवारी खेळ कापतात आणि ते दुसऱ्या चित्रपटाला देतात. ओळखीचा चेहरा असलेल्या चित्रपटाला हे तीन दिवस आपोआप मिळतात. अनोळखी पोरांच्या चित्रपटाला ते आपण दिले तरच मिळतात. तेव्हा पोस्टरवर एकही ओळखीचं तोंड नसलेला मराठी चित्रपट जवळच्या टॉकीजला लागला, तर रविवारच्या आत जाऊन या. सोमवारी गेलात तर तो तिथं असेलच, याची खात्री मी देत नाही.